कपाटाची किल्ली

जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत एक जडसंग्रह नोंदवही असते. आम्ही सगळे तिला डेडस्टॉक म्हणतो. शाळेची म्हणून जी काही टिकाऊ वस्तू असेल ती तिच्यात चढवायची: कधी मिळाली, कुठून मिळाली, नग किती, किंमत काय, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. बदली झाली की नव्या शाळेचा चार्ज घेताना ही वही पुढ्यात घ्यायची, एकेक वस्तू डोळ्यांनी पाहायची आणि मगच सही करायची. माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या डोंगरी शाळांवर गेली. 1988 साली पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर रुजू झाले आणि 2025 साली निवृत्त झाले. ज्या ज्या शाळेचा चार्ज माझ्याकडे आला, तिथली ही वही मी पहिल्या पानापासून वाचली.

सुरुवातीच्या पानांवर लाकडी फळे, टेबल, खुर्ची, घंटा म्हणून टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. पुढे नकाशे, पृथ्वीगोल, गुंडाळी फळा. मग रेडिओ. मग विज्ञानपेटी आणि गणितपेटी. मग टीव्ही, संगणक, यूपीएस, प्रोजेक्टर, टॅब. शाळेत काय काय आलं याचा हा पक्का पुरावा. पण आलेली वस्तू वर्गात वापरली गेली का, आणि ती कशी वापरायची हे बाईंना-गुरुजींना कोणी शिकवलं, याला वहीत रकाना नाही. मला तो नसलेला रकाना भरायचा आहे. मोबाइल हातात घेऊन शिकवणं ही अगदी अलीकडची गोष्ट. पण नवं साधन शिक्षकाच्या हाती कसं येतं हा प्रश्न मराठी शाळेत दोनशे वर्षं चालत आला आहे.

सगळ्यात जुनं साधन नोंदवहीत कधी आलंच नाही. पंतोजींच्या शाळेत मुलं धूळपाटीवर लिहायची. लाकडी फळीवर बारीक धूळ नाहीतर विटेची पूड पसरायची, काडीने किंवा बोटाने अक्षर काढायचं, हाताने सपाट करायचं, पुन्हा काढायचं. शाळा देवळाच्या ओवरीत किंवा कोणाच्या पडवीत भरायची. हात बसला की मग बोरू, दौत आणि कागद, लिपी मोडी. पाढे तोंडी, आणि पाढ्यांच्या मागोमाग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. बाजारातल्या हिशेबाला अपूर्णांक लागायचे, म्हणून तेही पाठ. पंतोजी एक आणि मुलं सगळ्या वयांची, तेव्हा मोठा मुलगा पुढे म्हणायचा आणि बाकीची त्याच्यामागून म्हणायची. या शाळेचे गोडवे गाणारे लोक एक गोष्ट सोडून देतात: त्या ओवरीत मुली नव्हत्या, आणि गावातल्या बहुतेक जातींची मुलंही नव्हती. धूळ फुकट होती, पण ती सगळ्यांसाठी नव्हती.

या धुळीचा एक मोठा प्रवास झाला. 1789 पासून मद्रासजवळ एग्मोरला सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक शाळा चालवली जात होती. अँड्र्यू बेल नावाचे पाद्री तिचे प्रमुख होते. तिथल्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत घ्यायचं ठरवलं. त्यांच्या हाताखालच्या शिक्षकांना हे मान्य नव्हतं. तेव्हा बेल यांनी एका आठ वर्षांच्या मुलाला धाकट्यांचा शिक्षक केलं, आणि मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायची पद्धत उभी राहिली. 1797 साली त्यांनी लंडनमध्ये यावर पुस्तिका छापली. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनच्या बरो रोडवर गरीब मुलांची मोठी शाळा तशाच धर्तीवर चालवली; तिथेही लहान मुलं वाळूच्या पाट्यांवरच अक्षरं काढायची. मग हीच पद्धत लँकेस्टरचं नाव लावून मुंबईत आली. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात 1822 साली स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने तिच्याप्रमाणे मास्तर तयार केले आणि 1826 च्या सुमारास त्यांना दख्खन, कोकण आणि गुजरातेत धाडलं. इथलंच साधन इंग्लंडमार्गे नव्या नावाने परत आलं, याचं पुष्कळांना नवल वाटतं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की मुंबईच्या मंडळीने नुसती पुस्तकं छापून गावोगाव पाठवली नाहीत. आधी माणसं शिकवली आणि ती पुस्तकांबरोबर पाठवली.

शिक्षकाला शिकवायचं, हा विचार पुढे चांगला रुजला. 1845 साली मुंबईत मास्तरांसाठी नॉर्मल क्लास सुरू झाला आणि त्याची जबाबदारी बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. आपण त्यांना 'दर्पण'साठी ओळखतो. माझ्या धंद्याच्या लोकांनी मास्तरांचे मास्तर म्हणूनही त्यांची आठवण ठेवायला हवी. पुढच्याच वर्षी ते गेले. सावित्रीबाई फुल्यांनी 1848 साली भिडेवाड्यात मुलींना शिकवायला घेतलं. त्यांच्या शिक्षक-प्रशिक्षणात अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरारबाई आणि पुण्याचं नॉर्मल स्कूल ही दोन नावं येतात. फळ्यासमोर उभं राहणं ही स्त्रीच्या दृष्टीने तेव्हा अगदी नवी कला होती, आणि तीही दुसऱ्या बाईकडून शिकायला मिळाली. पुण्यात स्त्रियांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघालं ते 1870 साली.

'मराठी शालापत्रक' आज कोणाला माहीत नसतं. 1861 साली निघालेलं हे मासिक शिक्षकांसाठी होतं. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे विष्णुशास्त्री त्याचे संपादक होते. 'निबंधमाला'चं नाव सगळे घेतात, पण विष्णुशास्त्र्यांची लेखणी घडली ती या मासिकात. गावातल्या मास्तराला टपालाने दर महिन्याला असं काही येणं ही त्या काळात केवढी गोष्ट असेल, याची कल्पना मला करता येते. मी रुजू झाले तेव्हा आमच्या वाडीवर टपाल आठवड्यातून एकदा यायचं, आणि त्यात 'जीवन शिक्षण'चा अंक असला की मी तो पुरवून पुरवून वाचायचे. आपली परंपरा शालापत्रकापासून सांगणारं हे मासिक. त्यात कोणी तरी एखाद्या खेड्यातून लिहिलेलं असायचं की मी हातचा असा शिकवला, मुलांना असा समजला. दुसऱ्या दिवशी मी तसंच करून पाहायचे.

1882 साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षकाबद्दल जे आहे ते प्रत्येक शिक्षकाने मुळातून वाचावं. शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसा पगार असावा, आणि ते शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे नांगराची मूठ किंवा सुताराचं वाकस हाती धरायला त्यांना लाज वाटणार नाही, अशी मागणी त्यांनी केली. साधन हातात धरायची लाज वाटू नये, ही मागणी मला आजच्या शिक्षकालाही लागू वाटते.

यानंतरची बरीच वर्षं मी भराभर ओलांडते, कारण फळा, खडू, पाटी आणि क्रमिक पुस्तक एवढ्यावरच ती गेली. 1962 साली प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या, 1967 साली बालभारती स्थापन झाली आणि राज्यभर एकसारखी पुस्तकं मिळू लागली. पण मध्ये एक ठिकाण असं आहे की तिथे थांबलंच पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं आणि 1957 साली ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची साधनं महाग, सुबक, परदेशी मापाची. वारली पाड्यावर ती कोण घेणार? या दोघींनी शिंपले, बिया, गोटे, पानं, काड्या, मातीचे मणी यांतून तेच काम करून घेतलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. तिलाच कुरणशाळा म्हणतात. डी.एड.ला असताना आमच्या बाई हे शिकवायच्या तेव्हा मला ते फक्त काटकसरीचं वाटायचं. वाडीवर आल्यावर त्यातली खरी खोच कळली. चिंचोका हरवला तर कोणाला जबाब द्यावा लागत नाही. मूल तो हाताळतं, तोंडात घालतं, खिशात टाकून घरी नेतं, आणि बाई दुसऱ्या दिवशी नवे चिंचोके आणते.

विज्ञानपेटीचं तसं नव्हतं. 1986 च्या राष्ट्रीय धोरणानंतर 1987 साली खडू-फळा योजना आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, त्यांतली शक्यतो एक बाई, आणि शैक्षणिक साहित्याचा संच. माझ्यासारख्या कितीतरी मुली एकशिक्षकी वाड्यांवर दुसऱ्या शिक्षिका म्हणून पोचल्या त्या या योजनेच्या काळात. तिचे उपकार मी विसरणार नाही. आमच्याकडे पेटी आली ती लोखंडी कपाटासह. भिंग, लोहचुंबक, परीक्षानळ्या, तराजू, नकाशे, पृथ्वीगोल. मुलं पेटीभोवती गोळा झाली होती. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी सगळं डेडस्टॉकला चढवलं, कपाटात ठेवलं आणि किल्ली जानव्याला बांधली.

ते माणूस वाईट नव्हते. नियमच तसा होता. वहीत चढलेली वस्तू फुटली तर निर्लेखनाचा, म्हणजे ती वहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव करायचा, तो पंचायत समितीत जाणार, तिथून शंका येणार, आणि लेखापरीक्षणात ती वस्तू सापडली नाही तर वसुली लागायची भीती. ज्यांचं घर त्या पगारावर चालतं, ते गुरुजी परीक्षानळी मुलाच्या हातात कशी देतील? आणि ती देऊन नेमकं काय करायचं, हे तरी त्यांना कोणी दाखवलं होतं? पेटीबरोबर पुस्तिका होती, माणूस नव्हता. चुंबकाने लोखंडाचा कीस कागदाखालून नाचवायचा प्रयोग मला शेजारच्या केंद्रातल्या, म्हणजे शेजारच्या शाळासमूहातल्या, एका गुरुजींनी गटसंमेलनात दाखवला, आणि पुढे किल्ली माझ्याकडे आली तेव्हा पेटी आमच्याकडे रोज उघडी राहिली.

रेडिओचं आणि टीव्हीचं हेच झालं. आकाशवाणीवर शालेय कार्यक्रम असायचे, पण त्यांची वेळ आणि आमच्या वर्गाची वेळ जुळायची नाही. 1975-76 मध्ये उपग्रहावरून शिक्षण देण्याचा 'साइट' प्रयोग देशात झाला. सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत टीव्ही संच बसवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. त्या प्रयोगातली मला सगळ्यात शहाणपणाची वाटलेली गोष्ट मुलांसाठी नव्हतीच: सुट्टीत हजारो प्राथमिक शिक्षकांना एकत्र बसवून त्यांना टीव्हीवरून विज्ञान शिकवलं गेलं, आणि पडद्याबरोबर हाताने करायची कामंही दिली गेली. आपल्याकडे 1984 साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीच्या शेजारी तिचा स्टुडिओ होता, आणि दूरदर्शनवर तिचे शैक्षणिक कार्यक्रम लागायचे. त्यांतले काही फार जीव ओतून केलेले होते. पण आमच्या वाडीवर भारनियमन, आणि टीव्ही आला तोही कपाटात. 2017 साली बालचित्रवाणी बंद झाली तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. इतके कार्यक्रम, इतकी कष्टाळू माणसं. पण तो कार्यक्रम वर्गात कसा लावायचा, मध्येच थांबवून मुलांना काय विचारायचं, हे शिकवणारं कोणी शाळेपर्यंत पोचलं नाही.

2004 साली शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट हा स्वतंत्र उपग्रह सोडला गेला. त्या आधीच सर्व शिक्षा अभियानातून प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला 500 रुपये मिळू लागले होते. माझ्यासाठी उपग्रहापेक्षा ते 500 रुपये मोठे होते. कारण त्यातून आणलेला पुठ्ठा, रंगीत कागद, मणी हे उपभोग्य साहित्य; ते संपणार, फाटणार, हे धरलेलंच असायचं. त्या काळात केंद्रातल्या सगळ्या शाळांमध्ये मणीमाळा, शब्दपट्ट्या, कप्पे तक्ते दिसायला लागले, आणि हे आम्ही एकमेकींचं बघून केलं.

मग संगणक. 2001 पासून एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स सुरू झाला आणि काही वर्षांतच सरकारी नोकरांना आणि आम्हाला त्याची सक्ती झाली. नाही केलं तर वेतनवाढ थांबणार. शाळा सुटली की एसटी पकडून पाटणला सेंटरवर जायचं. शिकवणारा मुलगा बारावी झालेला, शिकणारे आम्ही चाळिशी-पन्नाशीचे. त्याने आम्हाला बाई आणि गुरुजी म्हणूनच हाक मारली, आणि न कंटाळता माऊस धरायला शिकवलं. पुष्कळांनी तो कोर्स वेतनवाढीपुरता केला आणि विसरले. त्यांना मी दोष देत नाही, कारण शाळेत संगणक नव्हता किंवा होता तर वीज नव्हती. मराठी टाइप करणं हे आणखी वेगळं दुःख होतं. एका संगणकावर श्री-लिपीत केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसायची. युनिकोड रुळेपर्यंत आमची मराठी ज्या त्या संगणकात अडकून पडली होती. 2017 साली मराठीत बोलून टाइप करायची सोय फोनमध्ये आली आणि निवृत्तीला आलेले गुरुजीसुद्धा निरोप लिहायला लागले. तोपर्यंत त्यांचं सगळं ज्ञान त्यांच्या तोंडात होतं. आता ते पाठवता येऊ लागलं.

माझ्या जिल्ह्याबद्दल मला इथे अभिमानाने लिहायचं आहे. कुमठे बीटात विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथले शिक्षक यांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. फरशीवर आखलेल्या अक्षरांच्या, संख्यांच्या चौकटी, हाताशी असलेलं साहित्य, गटात बसलेली मुलं. बाईंचा फळा असतो तसा मुलांचाही खाली जमिनीलगत फळा. 2015 च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा शासननिर्णय निघाला त्याच्या मागेपुढे राज्याच्या कानाकोपऱ्यातले शिक्षक जीपा करून कुमठ्याला यायचे. फोनवर फरशीचे फोटो काढायचे, वहीत आकृत्या उतरवायचे, तिथल्या बाईंना खोदून खोदून विचारायचे. मीही गेले होते. एका तिसरीच्या मुलीने मला गठ्ठे आणि सुट्टे वापरून वजाबाकी करून दाखवली आणि तुमच्या शाळेत कशी करता म्हणून विचारलं. परत आल्यावर आम्ही सुट्टीच्या दिवशी ब्रश घेऊन बसलो. कोणीही आदेश न काढता जिल्ह्याजिल्ह्यांत शाळांच्या फरश्या रंगल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्याच काळात ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याला संदीप गुंड यांनी आदिवासी पाड्यावरची शाळा डिजिटल करून दाखवली, आणि सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीला रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकातल्या पानांवर क्यूआर कोड चिकटवले. मुलाने फोन धरला की कविता ऐकू येते, पाठ दिसतो. पुढे राज्याच्या सगळ्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापले गेले, आणि 2017 च्या शिक्षकदिनी 'दीक्षा' हे ऑनलाइन शैक्षणिक व्यासपीठ सुरू झाल्यावर ते त्याला जोडले गेले. डिसले गुरुजींना 2020 च्या डिसेंबरमध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलर. त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिले. ही बातमी आली तेव्हा आमच्या केंद्रात दिवाळी होती. पुढे त्यांच्याबद्दल लोक उलटसुलट बोलले, पण वाडीवरच्या शाळेतून निघालेली युक्ती सगळ्या राज्याच्या पुस्तकात गेली, हे काही कोणी पुसू शकत नाही.

फोन आमच्या हाती इतक्या लवकर का बसला, याचं कारण मला डेडस्टॉकमध्येच सापडतं. फोन त्या वहीत नव्हता. तो माझ्या पगारातून घेतलेला, माझा. त्यावर काहीही दाबून बघायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती, आणि बिघडला तर वसुली नव्हती. एसटीत बसल्या बसल्या शेजारची बाई सांगायची, बाई, इथं दाबा, मग व्हिडिओ कापता येतो. घरातल्या हिरव्या साडीचा पडदा करून मागचं चित्र कसं बदलायचं, गुगल फॉर्मवर चाचणी कशी करायची, मुलाने उत्तर पाठवल्यावर गुण आपोआप कसे दिसतात, हे सगळं मला वयाने माझ्या मुलीएवढ्या शिक्षिकांनी शिकवलं. कुणी नेट नसलं तरी चालणाऱ्या चाचण्या तयार करून गटावर टाकायचं, कुणी चौथीच्या नकाशाचं कोडं. बनवणाऱ्याचं नाव तळाशी असायचं, आणि फुकट असायचं.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. त्या वर्षी 15 जूनला घंटा झाली नाही. आम्ही आधी एक यादी केली: कोणाच्या घरी फोन आहे, साधा की स्मार्ट, तो कोणाच्या खिशात असतो आणि ते घरी कधी येतात. यादी झाल्यावर शाळेचं वेळापत्रक आपोआप संध्याकाळचं झालं. वाडीवर रेंज मिळते ती देवळाच्या वरच्या टेकाडावर, तिथे मोठी मुलं जमायची. व्हिडिओ उतरत नाही हे दिसल्यावर मी आवाजाच्या छोट्या फायली करायला लागले. कमी रेंजवर त्या जातात. ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांना एकाच कॉलमध्ये चार-पाच जणांना जोडून घ्यायचे आणि गोष्ट सांगून प्रश्न विचारायचे. कॉन्फरन्स कॉल हे साधन इतकी वर्षं फोनमध्ये होतं. ते वर्ग म्हणून वापरता येतं हे मला पलीकडच्या केंद्रातल्या एका सरांनी सांगितलं. राज्याकडून रोज अभ्यासमाला यायची, जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागायची, आणि ती खरोखर मुलांच्या घरातली, अंगणातली वाटायची. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगवले. जव्हार-मोखाड्याकडे लाऊडस्पीकरवर शाळा भरली. जिथे पडदा पोचत नव्हता तिथे लोकांनी फुल्यांच्या आणि अनुताईंच्या वाटेने जाऊन हाताशी होतं ते घेतलं.

पण खरं ते लिहिलं पाहिजे. पहिलीच्या मुलाला पडद्यावरून अक्षर देता येत नाही. त्याचं बोट धरावं लागतं. ग्रामीण भागात पाचवीच्या पुढचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 ला उघडले, पहिली ते चौथीचे 1 डिसेंबर 2021 ला. जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेली मुलं वर्गात प्रथम बसली ती थेट दुसरीत. त्यांना पेन्सिल धरता येत नव्हती, आणि त्यांच्यापैकी काहींना फोनवर मात्र बोट सफाईने फिरवता येत होतं. मी कोयनेच्या पात्रातली बारीक वाळू आणली, ताटात पसरली आणि त्या बोटांना अक्षरं गिरवायला दिली. बोटाचं वळण त्यांना आधीच होतं, त्यामुळे अक्षर लवकर बसलं. मग पाटी, मग वही. ती मुलं आता हायस्कूलच्या उंबऱ्याशी आहेत.

त्या काळाने प्रशिक्षणही ऑनलाइन केलं. 2019 साली सुरू झालेलं 'निष्ठा' हे शिक्षक-प्रशिक्षण पुढच्या वर्षी दीक्षावर आलं. घरबसल्या पाहायचं, प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र घ्यायचं. त्यातले काही पाठ फार चांगले आहेत, लांबच्या शाळेवरच्या शिक्षकाची पायपीट वाचते. तरी माझं मत पक्कं आहे: प्रमाणपत्र जमा होतं म्हणजे साधन हातात आलं असं नाही. समोर बसून, माझ्याच इयत्तेचा धडा घेऊन कोणी तरी करून दाखवलं पाहिजे, आणि पुढच्या महिन्यात विचारलं पाहिजे की जमलं का. शाळांना आता पुन्हा टॅब आणि मोठे पडदे येत आहेत आणि ते पुन्हा डेडस्टॉकला चढत आहेत. त्यांच्यासाठी मी पंचायत समितीकडे दोन मागण्या लेखी दिल्या आहेत. वर्गात वापरताना फुटलेल्या टॅबचं निर्लेखन केंद्र पातळीवर, मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांच्या सहीने व्हावं. आणि महिन्याच्या शिक्षण परिषदेत एक तास परिपत्रकांना नव्हे, तर एका शिक्षकाने करून दाखवण्याला राखून ठेवावा.

निवृत्त झाले तरी परिषदेला मी जाते, केंद्रप्रमुख बोलावतात. गेल्या खेपेला शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून नव्याने लागलेली एक शिक्षिका माझ्याशेजारी बसली होती. लातूरकडची, घाटातला पाऊस पहिल्यांदा बघणारी. टॅब तिच्या हातात लहानपणापासून. मला तिने आवाजाची फाईल कापायला आणि जोडायला शिकवलं. तिची अडचण वेगळी होती. मॅडम, चार इयत्ता आणि खोल्या दोन, एकीला शिकवताना दुसरी दंगा करते, करू काय? आम्ही तिच्याच मुलांची नावं घेऊन कागदावर वेळापत्रक मांडलं: तिसरी-चौथीला टॅबवर वीस मिनिटांचं काम लावायचं, त्यातली दोन वाचती मुलं पहिलीच्या मुलांजवळ शब्दपट्ट्या घेऊन बसवायची, आणि त्या वेळात तिने दुसरी जवळ घ्यायची. दर अर्ध्या तासाने फिरवायचं. तिने ते करून पाहिलं आणि दोन ठिकाणी बदललंही. चौथीची मुलं वीस मिनिटांच्या आत काम उरकतात, म्हणून तिने त्यांना पहिलीसाठी गोष्टी वाचून आवाजात भरायला लावलं आहे. पुढच्या परिषदेत राखीव तास मिळाला तर ती हेच दाखवणार आहे, मुलांसकट.